स्त्रियांच्या हक्कांसाठी पोस्टर: मजकुरापासून भिंतीपर्यंत

पोस्टर करायचं ठरलं की बहुतेक गट आधी चित्र शोधतात, मग घोषणा जुळवतात आणि उरलेल्या कोपऱ्यात फोन नंबर बसवतात. हा क्रम उलटा करावा लागतो. वाचणारीने नेमकं काय करायचं ते आधी ठरवायचं. मग ते सांगणारे कमीत कमी शब्द शोधायचे, आणि त्या शब्दांना चित्राची गरज आहे का हे सगळ्यात शेवटी पाहायचं. कित्येकदा ती नसतेच.

एक वाक्य कागदावर

संगणक उघडण्याआधी हे वाक्य पूर्ण करा: ‘हे पोस्टर ______ या जागी ______ वाचेल आणि त्यानंतर ______ करेल.’ तिसऱ्या रिकाम्या जागी ‘जागरूक होईल’ असं येत असेल, तर काम अजून ठरलेलं नाही. ‘अंतर्गत समितीच्या (कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या) सदस्याला फोन करेल’, ‘शनिवारी सभेला येईल’, ‘सहकाऱ्याला तिथल्या तिथे थांबवेल’ ही कामं झाली.

वाचक कोण, यावरून पोस्टरची जात बदलते. अन्याय सोसणाऱ्या स्त्रीसाठीचं पोस्टर तिला माहिती आणि पुढची पायरी देतं. निर्णय घेणाऱ्यासाठीचं पोस्टर मागणी करतं, तीही मुदतीसह. शेजारी, सहकारी, सहप्रवासी यांच्यासाठीचं पोस्टर त्यांनी काय करावं ते सांगतं. तिन्ही एका कागदावर कोंबली की कोणालाच ते आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. तीन वाचक असतील तर तीन पोस्टरं करा.

मजकूर

‘महिला सक्षमीकरण ही काळाची गरज’ हे वाक्य कुठेही चालतं, म्हणून कुठेच काम करत नाही. ‘क्षणाची पत्नी, अनंतकाळची माता’ या वळणाचे शब्द तर थेट नुकसान करतात. त्यांत स्त्रीचा हक्क तिच्या नात्यावर अवलंबून ठेवलेला असतो. लग्न न केलेली किंवा मूल नसलेली स्त्री मग त्या हक्काच्या बाहेर राहते. ‘तीही कोणाची तरी बहीण आहे’ यातही तोच दोष आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचं पोस्टर उदाहरणाला घेऊ. नेहमीचा मथळा असतो: ‘लैंगिक छळ सहन करू नका, आवाज उठवा!’ यात सगळा भार सोसणारीवर टाकलेला आहे, आणि आवाज कुठे उठवायचा हे सांगितलेलं नाही. शिवाय जिला रात्री-अपरात्री मेसेज येतात, ती स्वतःच्या अनुभवाला ‘लैंगिक छळ’ म्हणत असेलच असं नाही. तिला ओळखू येईल अशा भाषेत लिहा:

नको म्हटल्यावरही
मेसेज येत आहेत?
तक्रार करता येते.

खाली चार गोष्टी: तक्रार कोणाकडे करायची, ती व्यक्ती कुठे आणि कधी भेटते, तक्रार केल्यावर पहिल्या काही दिवसांत काय होतं, आणि नाव कोणाकोणाला कळतं. शेवटचा मुद्दा गट हमखास विसरतात, पण तक्रार करावी की नाही हे बाई त्याच्यावर ठरवते. ‘पूर्ण गोपनीयता’ असं मोघम लिहू नका. समितीतल्या सदस्यांना नाव कळणार असेल तर तसं लिहा. खोटा दिलासा एकदा उघड झाला की त्या जागेवरच्या पुढच्या कुठल्याही पोस्टरवर कोणी विश्वास ठेवत नाही.

त्याच विषयावर सहकाऱ्यांसाठीचं पोस्टर अगदी वेगळं होईल: ‘तिने नको म्हटलं. विषय संपला.’ व्यवस्थापनासाठीचं, आता विषय स्वच्छतागृहांचा घेऊन: ‘मजले ६. स्त्रियांचं स्वच्छतागृह १. या महिनाअखेरीपर्यंत प्रत्येक मजल्यावर हवं.’ मागणी नेहमी पदाला उद्देशून करा. माणसाचं नाव घेऊन आरोप छापला तर बदनामीचा दावा होऊ शकतो आणि मूळ मागणी बाजूला पडते.

शब्दांची मर्यादा जागेवरून ठरते. चालत्या माणसासाठी मथळा सात-आठ शब्दांपर्यंत आणि एकूण मजकूर तीस-चाळीस शब्दांचा ठेवा. लिफ्टशेजारी किंवा प्रतीक्षागृहात माणूस थांबलेला असतो, तिथे ऐंशी शब्द चालतात.

आकडे

आकडा वापरायचा तर त्याची व्याख्या, वर्ष आणि स्रोत खाली बारीक अक्षरांत हवा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज सांगतो की जगातल्या १५ वर्षांवरील सुमारे ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, अथवा इतर कोणाकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. पोस्टरवर याचं ‘दर तिघींपैकी एक’ होतं. एवढंच छापलं की वाचणाऱ्याला हे जगरहाटीसारखं वाटू लागतं. म्हणून आकड्याच्या लगेच खाली करायची कृती असलीच पाहिजे. आणि ‘दरवर्षी’ किंवा ‘घरात’ असे मूळ अंदाजात नसलेले शब्द आपल्या मनाने जोडू नका. विरोधक पहिला घाव तिथेच घालतात.

सगळ्यात भक्कम आकडा स्वतः मोजलेला. ‘गुरिल्ला गर्ल्स’ या न्यूयॉर्कच्या गटाने १९८९ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जाऊन मोजदाद केली: आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री कलाकार ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची. गोरिलाचा मुखवटा चढवलेल्या नग्न स्त्रीच्या चित्राशेजारी त्यांनी एक प्रश्न आणि हे दोन आकडे छापले. कोणालाही जाऊन तपासता येईल असा पुरावा होता तो. तुमच्या इमारतीतली स्वच्छतागृहं, रस्त्यावरचे बंद दिवे, समितीतल्या स्त्री सदस्य असंच मोजता येतं. मोजल्याची तारीख मात्र टाका.

चित्र

काळानिळा पडलेला डोळा, कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मुलगी, तोंडावर दाबलेला पुरुषाचा हात: ही चित्रं तीन प्रकारे घात करतात. पैसे अडवून ठेवणं, फोन तपासणं, माणसांपासून तोडणं हे जिच्या वाट्याला आलंय तिला वाटतं, ‘माझं एवढं काही नाही.’ मार खाल्लेलीला ते चित्र रोज पाहावं लागतं. आणि तिऱ्हाइताच्या मनात बाई म्हणजे कायम असहाय, ही प्रतिमा पक्की होते. त्याऐवजी प्रसंगाची खूण दाखवा: उलटा ठेवलेला फोन, फक्त नवऱ्याच्या नावाचं पासबुक, कार्यालयाचा बंद दरवाजा. किंवा पुढची पायरी दाखवा: समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोघी.

इतिहासातलं एक पोस्टर शिकण्यासारखं आहे, चुकीसकट. १९१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मताधिकारासाठी निघालेल्या एका पोस्टरवर वरच्या ओळीत महापौर, परिचारिका, आई, डॉक्टर अशा स्त्रिया होत्या, ज्यांना मत नव्हतं. खालच्या ओळीत कैदी, मनोरुग्ण, दारुडा असे पुरुष होते, ज्यांचं मत गेलेलं नव्हतं. रचना उत्तम: दोन ओळी, एक तुलना, क्षणात कळणारी. पण युक्तिवाद उभा होता दुसऱ्यांना हीन ठरवून. आज मनोरुग्ण किंवा कैदी स्त्रिया तेच पोस्टर पाहतील तेव्हा त्यांची जागा कुठली? आपल्या पोस्टरमध्ये मजूर, अपंग, दुसऱ्या धर्माची किंवा जातीची बाई फक्त ‘बिचारी’ म्हणून आणि शिकलेली, गोरी बाई ‘वाचवणारी’ म्हणून येत नाही ना, हे तपासायला हीच नजर लागते.

छायाचित्र वापरायचं तर लेखी संमती घ्या. ते कुठे छापणार, इंटरनेटवर टाकणार का, किती काळ वापरणार, हे त्यात स्पष्ट लिहा. एकदा पसरलेलं पोस्टर पूर्णपणे मागे घेता येत नाही हेही तोंडी समजावून सांगा. हिंसा सोसलेल्या स्त्रीचा चेहरा तिची तयारी असली तरी टाळावा असंच आमचं मत आहे. अनेक देशांत लैंगिक हिंसेतल्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि चेहरा धूसर केला तरी साडी, टॅटू, मागची भिंत यांवरून गावात माणूस ओळखलं जातं. फोटोच्या फाइलमध्ये साठलेली ठिकाणाची माहिती काढून मगच ती डिझायनरकडे पाठवा.

मूठ आवळलेली, दंड दाखवणारी ती प्रसिद्ध कामगार स्त्री (‘वुई कॅन डू इट!’ पोस्टरवरची) उचलण्याआधी हे माहीत असावं की ते चित्र १९४३ मध्ये वेस्टिंगहाउस या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यांतलं उत्पादन वाढावं म्हणून काढलेलं होतं. हक्कांशी ते जोडलं गेलं कितीतरी नंतर. कामगार स्त्रियांच्या वेतनावरच्या पोस्टरला ते शोभत नाही.

मांडणी आणि देवनागरी अक्षर

सूचना फलकासाठी ए३, म्हणजे २९७ × ४२० मिमी, सोयीचा. रस्त्यासाठी ए२ किंवा ए१. फाइल सुरू करतानाच चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ठेवा आणि कडेपासून १५ मिमीच्या आत मजकूर आणू नका, कारण कापताना आणि चिकटपट्टी लावताना तेवढी जागा जाते. छायाचित्र असेल तर ए३ ला ३०० डीपीआयप्रमाणे (दर इंचाला ३०० ठिपके) सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

अक्षराच्या उंचीचा व्यवहारी हिशेब असा: ३ मीटरवरून सहज वाचायचं तर अक्षर सुमारे २५ मिमी उंच हवं. इथे देवनागरीत गल्लत होते. फॉन्टच्या आकारात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते, त्यामुळे शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अक्षर त्या आकाराच्या निम्म्याच्या आसपास भरतं. ७२ पॉइंट म्हणजे २५ मिमी, पण अक्षर हातात येतं जेमतेम १३ ते १५ मिमीचं. २५ मिमी अक्षरासाठी १२० ते १४० पॉइंट धरा आणि चाचणी प्रिंटवर पट्टी लावून मोजा. वरचा तीन ओळींचा मथळा १३० पॉइंटला ए३ च्या रुंदीत बसतो आणि सुमारे १८० मिमी उंची घेतो, म्हणजे पोस्टरचा दोन-पंचमांश भाग. तेवढा त्याला द्यायलाच हवा. उपमथळा मथळ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा, स्रोत आणि छपाईची तारीख सोडली तर बाकीचा मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको. फोन नंबर उपमथळ्याहून मोठा ठेवा.

मथळ्याच्या ओळी अर्थावर तोडा. ‘तक्रार करता’ एका ओळीत आणि ‘येते’ खालच्या ओळीत गेलं तर वाचणारा अडखळतो. ओळींमधलं अंतर १.३ पटीच्या खाली नेऊ नका. वरच्या ओळीचा ‘मू’ आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत शिरतात. अक्षरांमधली जागा ताणून मजकूर रुंद करणं हे देवनागरीत कधीही करू नये, कारण शिरोरेषा तुटते आणि शब्द विखरून पडतो. दोन्ही कडांना जुळवलेला मजकूर शब्दांमध्ये भगदाडं पाडतो; डावीकडे जुळवा. जोर द्यायला ठळकपणा, आकार किंवा रंग यांपैकी एकच वापरा.

फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्त, हिंद, बालू, नोटो सान्स देवनागरी हे खुल्या परवान्याचे आहेत आणि छपाईसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर कचरा होऊन उघडतो आणि दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला तो वाचताच येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मराठी वळणाचा ल आणि श येतो. अडोबी कंपनीच्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू केला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. छपाईची पीडीएफ झाल्यावर पुन्हा शब्द न् शब्द वाचा, विशेषतः ‘करणाऱ्या’, ‘स्त्रियांच्या’, ‘हक्क’, ‘कार्यालय’.

रंग

ब्रिटनच्या मताधिकार चळवळीतल्या विमेन्स सोशल अँड पॉलिटिकल युनियनने १९०८ मध्ये जांभळा, पांढरा आणि हिरवा हे तीन रंग ठरवून घेतले. प्रतिष्ठा, शुद्धता आणि आशा असे त्यांचे अर्थ लावले. जांभळा तेव्हापासून स्त्री-हक्कांशी जोडलेला आहे. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरच्या हिंसाविरोधी मोहिमेत संयुक्त राष्ट्रे नारिंगी वापरतात. अर्जेंटिनात गर्भपाताच्या हक्काची खूण हिरवा रुमाल झाली आणि ३० डिसेंबर २०२० रोजी तिथे कायदा मंजूर झाला. एक रंग सातत्याने वापरला तर तो लांबून ओळखू येतो. गुलाबी फक्त ‘बायकांचा’ म्हणून घेऊ नका.

व्यवहारात दोन रंग आणि काळा पुरतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक लहान अक्षरांसाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्यांसाठी ३ : १ हवा; हे मोजणारी फुकट साधनं आहेत. पिवळ्यावर पांढरं आणि जांभळ्यावर लाल हमखास नापास होतात. नंतर पोस्टर करड्या छटांत छापून पाहा, कारण लोक त्याच्या झेरॉक्स काढणारच.

उन्हात पिवळी आणि किरमिजी शाई निळी-काळीपेक्षा आधी उडते. लाल रंग याच दोन शायांचा बनतो. म्हणून महत्त्वाचा नंबर लालमध्ये छापू नका: महिन्याभरात मथळा शाबूत आणि नंबर गायब, असं पोस्टर भिंतीवर उरतं. नंबर काळ्या शाईत, आणि तोही चार रंग मिसळलेला काळा नको. रंग किंचित सरकले तर बारीक अक्षरांना सावली पडते.

वाचणारीची सुरक्षितता

हिंसेबद्दलचं पोस्टर वाचताना दिसणं हाच काहींसाठी धोका असतो. जिच्यावर घरातून पाळत आहे ती चौकातल्या मोठ्या फलकासमोर थांबणार नाही, फोटो काढणार नाही. अशा पोस्टरची जागा स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू, दवाखान्यातली कपडे बदलायची खोली, शिवणवर्गाची आतली भिंत. दाराच्या आत बसल्यावरच्या नजरेच्या उंचीला लावा.

तिथे फाडून नेता येणाऱ्या पट्ट्या चांगल्या चालतात. उभ्या ए४ च्या तळाला २१ मिमी रुंदीच्या दहा पट्ट्या, प्रत्येकी ६ ते ७ सेंटिमीटर लांब. पट्टीवर फक्त नंबर, ‘हिंसा’ किंवा ‘महिला’ हे शब्द नकोत. ती पर्समध्ये सापडली तरी साधा नंबर वाटला पाहिजे. एक पट्टी आधीच फाडून ठेवा, पहिली फाडायला लोक कचरतात.

क्यूआर कोड द्यायचा तर वीतभर अंतरासाठी किमान २ सेंटिमीटर, आणि त्याहून लांबून वाचायचा तर अंतराच्या दहाव्या भागाएवढा. भोवती कोडमधल्या चार बारीक चौकोनांएवढी पांढरी जागा सोडा. पोस्टर मळणार असेल तर दुरुस्तीची पातळी (किती भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो ते) २५ किंवा ३० टक्क्यांची निवडा. कोडचा दुवा तिसऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून फिरत असेल तर कोणी केव्हा स्कॅन केला याची नोंद तिथे राहते. हिंसेच्या विषयात थेट दुव्याचाच कोड वापरा. आणि नंबर आकड्यांतही छापलेला असलाच पाहिजे. स्मार्टफोन सगळ्यांकडे नसतो, आणि कित्येकींचा दुसऱ्याच्या हातात असतो.

छापण्याआधीची चाचणी

ए३ च्या दोन प्रती काढा. एक भिंतीवर लावून ५ मीटरवरून ३ सेकंद दाखवा, झाका, आणि काय आठवतं ते विचारा. मथळ्याऐवजी संस्थेचं बोधचिन्ह आठवलं तर ते लहान करा. दुसरी प्रत ज्या स्त्रियांसाठी पोस्टर आहे त्यांच्यापैकी पाच-सहा जणींना एकेकट्या दाखवा. हे कोणासाठी आहे, काय करायला सांगतंय, कुठला शब्द अडला, आणि हे वाचताना कोणी पाहिलं तर काय वाटेल, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून जागा ठरते, कधी मथळाही बदलतो.

मग छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करा, दिवसा आणि रात्रीही. मराठीत उत्तर मिळतं का, किती वेळ थांबावं लागतं, सुटीच्या दिवशी कोणी उचलतं का, हे पाहून पोस्टरवर वेळ लिहा. फोन घेणाऱ्या संस्थेला पोस्टर कधी आणि कुठे लागणार ते आधी कळवा. अचानक फोन वाढले आणि माणसं कमी पडली तर धीर करून फोन करणारी बाई ताटकळत राहते.

छपाई आणि लावणं

आतल्या भिंतीसाठी १३० ते १७० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागद पुरतो. चमकदार लॅमिनेशन ट्यूबलाइटखाली अर्धा मजकूर खातं, मॅट घ्या. खळीने चिकटवायचं असेल तर ९० ते १२० जीएसएमचा बिनचमकीचा कागद हवा, जाड कागद वाळताना कडांना उचलला जातो. खळीसाठी एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एकूण चार वाट्या पाणी होईल असं उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर भिंतीला एक हात, कागद मधून कडांकडे दाबत लावायचा आणि वरून पुन्हा पातळ हात. खळ दोन दिवसांत आंबते, लागेल तेवढीच करा. इंकजेटवर छापलेलं पोस्टर खळीत पसरतं. त्यासाठी लेझर किंवा ऑफसेट छपाई घ्या.

भिंतीच्या मालकाची किंवा स्थानिक प्रशासनाची परवानगी लेखी घ्या. काही ठिकाणी मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं बंधनकारक असतं, ते आधी विचारा. उभ्या वाचकासाठी पोस्टरचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा.

मोर्चातला फलक वेगळाच करायचा. ए२ पेक्षा मोठा वाऱ्यात आवरत नाही. चार ते सहा शब्द, दोन्ही बाजूंना तोच मजकूर, आणि दांड्यावर बंदी असेल तर पुठ्ठ्याची नळी. फोनवर पाठवायची आवृत्तीही नव्याने मांडा: १०८० × १३५० पिक्सेल, मथळा आणि नंबर एवढंच, बाकी मजकूर चित्रासोबत टाइप करून. ए३ पोस्टर नुसतं लहान करून पाठवलं तर खालच्या ओळी कोणालाच वाचता येत नाहीत.

लावलेल्या जागांची यादी तारखेसह ठेवा आणि दोन आठवड्यांनी फेरी मारा. कुठे किती पट्ट्या गेल्या, कुठे पोस्टर फाडलं, कुठे त्यावर दुसरी जाहिरात चढली, ते लिहा. फाडलेल्या जागी लगेच नवीन लावा. पुन्हा फाडलं गेलं तर तिथल्या स्त्रियांना विचारून दोन पावलं आतली भिंत शोधा. तळाच्या कोपऱ्यात ८ पॉइंटमध्ये छपाईचा महिना आणि वर्ष टाका, आणि बदलता येणारी मूळ फाइल दोन माणसांकडे ठेवा, म्हणजे नंबर बदलला त्याच दिवशी जुनी पोस्टरं ओळखून उतरवता येतील.